रणपिसे काकांची ठिगळी

आमच्या सोसायटीत नव्यानं राहायला येणाऱ्या माणसाला दारातच दोन प्रश्न विचारले जातात. सेक्रेटरी भोईर विचारतात, "गारी हाय का?" आणि तळमजल्यावरचे रणपिसे काका विचारतात, "तुमचं नाव इंग्रजीत सात अक्षरांत बसतं का?"

पहिल्या, गाडीच्या प्रश्नाचं उत्तर चालता चालता देता येतं. दुसऱ्यासाठी हातातलं सामान खाली ठेवावं लागतं, कारण मोजायला बोटं मोकळी लागतात. माझ्या हातात मिक्सर होता. तो जिन्याच्या पायरीवर ठेवून मी मोजलं.

"आठ होतात. वैशाली."

"मग वैशाल करू. शेवटचा आय कापला की बसतं."

माझ्या लग्नानंतर सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून त्यात माझं नवं नाव लिहायचा घाट घातला होता. मी हटून बसले आणि त्या तांदळात 'वैशाली'च लिहायला लावलं. इतकं भांडून राखलेलं नाव, आणि हा गृहस्थ ते मी जिना चढायच्या आत कापून मोकळा झाला. मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "सामान लावून झालं की संध्याकाळी या. तुमच्या नावातून काय निघतं ते बघू. फक्त एक आत्ताच सांगून ठेवतो. शेव करायचं नाही."

मला वाटलं, डॉक्टरनं पथ्य सांगितलं असेल. मी शेवेऐवजी चकल्या घेऊन गेले.

तर हे रणपिसे काका. उंच, वाळकुडे, डोक्यावर पांढरे केस आणि अंगात जीनची पँट. सत्तरीच्या माणसानं जीन घालण्यात आता नवल राहिलेलं नाही, पण काकांच्या पँटचे मागचे दोन्ही खिसे एकाच बाजूला असतात. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात कारखान्यातून नापास झालेल्या पँटी ढिगानं विकायला असतात. लोक त्या ढिगातून कमीत कमी बिघडलेली पँट शोधतात, काका जास्तीत जास्त बिघडलेली. दुकानदारांना हे आता ठाऊक झालंय. काका दिसले की ते आतून खास माल काढतात. तीन पायांची पँट निघाली तर ती बाजूला ठेवा असं त्यांनी सांगून ठेवलंय.

घरात शिरलं की डाव्या हाताला बुद्धाची मूर्ती, तिच्या बाजूला काकूंचा फोटो, आणि उजव्या हाताला एक चौकटीत बसवलेली लग्नपत्रिका. लग्न कुणाचं ते काकांनाही माहीत नाही. पत्रिकेत शेवटी सोनेरी अक्षरांत छापलंय, 'आपली अनुपस्थिती प्रार्थनीय'. काकांना ती कुळगावच्या एका छापखान्याच्या रद्दीत सापडली. पाहुणा पहिल्यांदा आला की ते त्याला पत्रिकेसमोर उभं करतात आणि तो हसेपर्यंत पाणी देत नाहीत.

"आयुष्यभर मी रिजेक्ट मारले," काका सांगतात. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. पीस उचलायचा, गेजमध्ये घालून बघायचा, बसला नाही की लाल ठिपका मारून खोक्यात टाकायचा. खोका संध्याकाळी वितळवायला जायचा. "त्यातला एखादा असा सुंदर चुकलेला असायचा, की वाटायचं खिशात घालून घरी न्यावा. पण गेटवर झडती. आता झडती घेणारं कोण आहे?"

आता त्या सात अक्षरांकडे येते.

काकांकडे एक जुनं, राखाडी, हातात धरून खेळायचं यंत्र आहे. मागचं झाकण केसांच्या रबरानं बांधलेलं. त्यात एक कॅसेट. अमोल, म्हणजे काकांचा मुलगा, शाळेत असताना त्याच्यासाठी आणलेली. अमोल आता पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे आणि यंत्र वडिलांकडे आहे. कॅसेटवर 'मेड इन यूएसए' असं छापलंय. यातला यू उल्हासनगरचा, हे कल्याणच्या पुढे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

खेळ तसा साधा. एक गाव, गावाबाहेर गवत, गवतात चित्रविचित्र प्राणी. ते दमवायचे, डबीत पकडायचे, पाळायचे, वाढवायचे. पण सरळ मार्गानं भेटणाऱ्या प्राण्यांत काकांना काडीचा रस नाही. ज्यानं हा खेळ लिहिला त्याच्या हातून काही चुका राहून गेल्या, आणि त्या चुकांच्या फटीतून असे काही जीव बाहेर येतात, जे कुणी कधी काढलेच नव्हते. एखाद्याला डोकं नसतं. एखादा म्हणजे नुसता तुटक्या चौकोनांचा ढीग. नावाच्या जागी आकडे आणि काड्या. तरुण पोरं त्यांना ग्लिच म्हणतात. काका 'चुकार' म्हणतात. त्यांच्या गावाकडे कळपातून भरकटून भलत्याच्याच गोठ्यात शिरलेल्या गुराला चुकार म्हणायचे. चुकाराला काठी मारायची नाही, आधी पाणी दाखवायचं, मग मालक शोधायचा, असा काकांच्या आईचा शिरस्ता होता. मालक न सापडलेली एक म्हैस त्यांच्याकडे म्हातारी होऊन मेली म्हणे.

हे चुकार माणसाच्या नावातून कसे निघतात, ते मला पहिल्या संध्याकाळी काही केल्या कळेना. काकांनी दोनदा सांगितलं, मग चहाचा कप बाजूला सारला.

"समज, भोईरांकडे पाहुणा आला. त्याच्या गाडीला जागा पाहिजे. म्हणून भोईरांनी तुझी स्कूटर तुझ्या जागेवरून काढली आणि तात्पुरती कचऱ्याच्या डब्यांपाशी लावली. पाहुणा गेला. भोईर स्कूटर परत लावायला विसरले. सकाळी कचऱ्याची गाडी आली. त्या माणसाला काय वाटणार?"

"हा कचराच आहे."

"बरोबर! खेळात एक गुरुजी आहेत. प्राणी कसा पकडायचा ते करून दाखवतात. तेवढ्या वेळापुरतं पडद्यावर गुरुजींचं नाव लागतं आणि तुझं नाव एका कोनाड्यात ठेवलं जातं. त्याच कोनाड्यात एरवी लिहिलेलं असतं, की गवतातून कुठला प्राणी निघणार. गुरुजींचं आटपलं, की कोनाड्यातलं नाव पुसायला हवं. लिहिणारा विसरला. आता तू तडक समुद्रावर जायचं. खेळ कोनाड्यात बघतो, तिथे तुझं नाव. त्याला वाटतं, हाच प्राणी. मग जे निघतं ते तुझ्या नावातून निघतं. प्रत्येकाचं वेगळं."

माझ्या नावातून एक शेपूट निघालं. नुसतं शेपूट. पुढे प्राणी नव्हता.

"वा!" काका खुर्चीतून उठले. "शेपूट फार कमी जणांचं निघतं." मला उगाचच अभिमान वाटला. एका बटणावर 'सेव्ह' लिहिलेलं दिसलं म्हणून मी तिकडे बोट नेलं, तर काका एवढ्यांदा ओरडले की चकली माझ्या हातातून पडली. "शेव करू नका!"

तेव्हा उलगडा झाला. खेळ जपून ठेवायला काका 'शेव करणं' म्हणतात. त्या कॅसेटमध्ये एकाच माणसाचा खेळ मावतो. पाहुण्याच्या नावानं नवा खेळ सुरू करायला हरकत नाही, पण तो जपून ठेवला की आधीचा पुसला जाणार. म्हणून पाहुण्याचा चुकार बघायचा, कौतुक करायचं आणि यंत्र बंद करायचं. भोईरांच्या जावयाला काका "शेव करू नका" म्हणाले, तेव्हा त्यानं आपल्या दाढीवरून हात फिरवला आणि "नाही, वाढवतोच आहे" म्हणाला.

त्या दिवसापासून मी काकांसाठी वैशाल झाले. अहो-जाहो गेलं, आय गेला, आणि कढीपत्ता मागायचा हक्क आला.

सोसायटीतल्या बहुतेकांची नावं काकांनी कोनाड्यात घालून पाहिली होती. भोईरांचं पाळण्यातलं नाव जनार्दन. ते कापून खेळात टाकलं तर यंत्रच बंद पडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा बंद. भोईर म्हणजे मूळचे इथल्याच गावचे, ज्या जमिनीवर आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या आज्याची भातखाचरं. ते भडकले. "माजे नावानंच मशीन बंद परते कशी? नीट बग ना रणपिसे!" काकांनी तिसऱ्यांदा टाकलं. यंत्रातून बारीक शिट्टी आली आणि पडदा पांढरा झाला. भोईर तेव्हापासून त्या यंत्राकडे पाठ करून बसतात, पण येतात रोज.

दुसऱ्या मजल्यावरच्या साळवी बाई मात्र होणाऱ्या सुनेचं नाव कागदावर लिहून घेऊन आल्या. काय निघतं ते बघून मग पसंती कळवणार होत्या. काकांना मी तेवढं एकदाच चिडलेलं पाहिलं. "बाई, मी ज्योतिष मानत नाही. हे शास्त्र आहे. चुकलेलं आहे, पण शास्त्र आहे. पोरीच्या नावातून काय निघतं ते सोडा आणि आपल्या तोंडातून काय निघतं ते बघा." साळवी बाईंनी महिनाभर अबोला धरला. लग्न झालं. सून काकांकडे स्वतःहून आली, आणि तिच्या नावातून निघालेल्या दोन तोंडांच्या कोंबडीवर दोघं पोट धरून हसली.

पण काकांचा जीव होता ठिगळीवर.

तो जो आधीचा खेळ, कुणी पुसायचा नाही असा, त्यात एकच चुकार होता. बाकीचे सगळे सरळ प्राणी, ओळीनं डब्यांत ठेवलेले, आणि सगळ्यात शेवटी ही. जुन्या गोधडीचा तुकडा असावा तशी दिसायची. वेगवेगळ्या नक्षीचे चौकोन एकमेकांना कसेबसे जोडलेले, मधेच एका चौकोनात डोळ्यासारखं काहीतरी. म्हणून ठिगळी. ती दाखवताना काका यंत्र स्वतःच्या हातात धरायचे. इतरांना फक्त बघायची परवानगी होती.

"ही तुमच्या नावातून निघाली का?" मी एकदा विचारलं.

"छे. मी माझं टाकून बघितलंय. साधी गोगलगाय निघते. जिवंत, धडधाकट, काही खोट नाही." एवढं बोलून ते चहात साखर घालायला आत गेले. साखर घातलेली होती.

काकू आम्ही राहायला यायच्या आधीच गेल्या होत्या. फोटोत काठापदराची साडी नेसून, फोटोग्राफरनं नुकतंच दटावल्यासारख्या बसल्यात. खाली लिहिलंय, 'कालकथित कुसुम रणपिसे'. काका त्यांच्याविषयी बोलायचे ते 'अमोलची आई' म्हणून, आणि तेही क्वचित. त्यामुळे दुपारच्या वेळी काकांच्या खिडकीतून आवाज येऊ लागले तेव्हा बायकांनी कान टवकारले. "अगं, जेवलीस का? आज मेथी केली होती. जरा खारट झाली." मग थोडं थांबून, "हसू नकोस. तुझ्याइतकी जमत नाही, मान्य आहे."

काकांच्या घरात दुपारची कुणीतरी येते, असं ठरलं. साळवी बाईंनी तर तिच्या चपला पाहिल्याचंही सांगितलं. शहानिशा करायला मला पाठवण्यात आलं, कारण कढीपत्त्याचा हक्क माझा. मी गेले तर काका टेबलाशी एकटेच. ताट पुसून ठेवलेलं, समोर यंत्र, त्यात ठिगळी. मला पाहून ते जराही ओशाळले नाहीत. "ये वैशाल. आम्ही जेवून बसलोय."

मी वर जाऊन सांगितलं की रेडिओ होता. बायकांची फार निराशा झाली.

आमच्या बदलापूरच्या मांजर्लीत तळमजल्यावर राहणारा माणूस फ्रिज विटांवर ठेवतो आणि कागदपत्रं माळ्यावर. नदी घरात येऊन गेलेली असते. काकांच्या माळ्यावर कागदपत्रांच्याही वर एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता. रात्री यंत्र त्यात. पुरापासून ठिगळीला वाचवायची अशी जय्यत तयारी होती, आणि धोका आला कॅसेटच्या पोटातून.

एक दिवस यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर अक्षरं आली, खेळातलं घड्याळ थांबलंय. काकांनी अमोलला फोन लावला. अमोलनं सांगितलं की कॅसेटच्या आत एक बटणाएवढा सेल असतो, शेव केलेलं सगळं त्याच्या जिवावर असतं, आणि तो संपत आलाय. संपला की सगळं जाणार.

"कधी?"

"सांगता येत नाही बाबा. उद्या, नाहीतर वर्षानं. सोडा ना आता ते. मोबाइलवर असले शंभर गेम मिळतात, मी टाकून देतो."

काका फोन ठेवताना नेहमी "जय भीम, जेवून घे" म्हणायचे. त्या दिवशी काही न बोलता ठेवला.

यंत्र चालू असेपर्यंत आतल्या सेलवर भार नाही, असं त्यांना कुठूनतरी कळलं. मग त्यांनी यंत्र बंदच करायचं सोडलं. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून पेन्सिल सेलची पाकिटं आणून ठेवली. पाहुण्यांची नावं बंद झाली. आंघोळीला गेले तरी यंत्र बाथरूमबाहेरच्या स्टुलावर, आणि काका आतून ठिगळीलाच विचारणार, "वाजतंय ना गं?" खेळाचं ते किणकिणतं गाणं दिवसभर जिन्यात ऐकू यायचं. भोईर म्हणाले, "रणपिसेला झालंय काय? पोर आजारी असल्यावानी बसतंय." अगदी खरं होतं. घरात आजारी माणूस असल्यासारखेच ते बसायचे.

शेवटी मीच म्हटलं, चला उल्हासनगरला. दोन नंबरात दुरुस्तीची दुकानं आहेत, काहीतरी मार्ग निघेल. दोन नंबर हा तिथला विभाग आहे, धंद्याचा प्रकार नव्हे. माझ्या स्कूटरवर मी पुढे, मागे काका, आणि काकांच्या दोन्ही हातांत चालू यंत्र. बदलापूरपासून अंबरनाथपर्यंत सिग्नलला शेजारची माणसं वळून बघत होती, कारण स्कूटरवर म्हातारा आणि म्हाताऱ्याच्या छातीशी गाणं. खड्डा आला की मागून आवाज यायचा, "सावकाश." तो मला नव्हता, ठिगळीला धीर होता.

गोपीचं दुकान म्हणजे एक फळी आणि तिच्या मागे गोपी, सिंधी पोरगा. त्यानं कॅसेट न काढताच नुसती पाहिली आणि मान डोलावली. "काका, तू टेन्शन नको घेऊ. पहिले कॉम्प्युटरमध्ये कॉपी मारतो. मग सेल बदलतो. मग कॉपी परत आत. सेम टू सेम."

"काही बदलणार नाही?"

"एक अक्षर नाही बदलणार, साईं."

काकांनी यंत्र बंद केलं. कितीतरी दिवसांनी ते गाणं थांबलं आणि मलाच चुकल्यासारखं झालं. गोपी आत गेला. काका फळीला दोन्ही हात टेकवून उभे राहिले. मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

गोपी आला तो हसतच. "लो अंकलजी. नवा सेल, आता पंधरा-वीस साल बघायला नको. आणि सुन, आत एक एंट्री करप्ट होती. कॉम्प्युटर बोलला, एरर आहे, रिपेअर करू? मी बोललो, कर. त्याचे पैसे नाय घेणार. अब एकदम क्लीन!"

काकांनी यंत्र सुरू केलं. डबे उघडले. सगळे प्राणी ओळीनं होते. शेवटची जागा रिकामी होती.

माझ्या तोंडावर जे शब्द आले ते मी उल्हासनगरातच शिकले होते आणि तिथेच वापरणार होते. पण काकांनी माझा दंड धरला. गोपीचा चेहरा कौतुकाची वाट बघत होता. काकांनी त्याला सांगितले तेवढे पैसे दिले, "चांगलं काम केलंस" म्हणाले आणि यंत्र बंद करून खिशात घातलं. ठिगळी जशी होती तशी त्या पोराला दिसलीच नाही, याचा मला इतका राग आला की स्कूटरला किल्ली लागेना.

अंबरनाथला त्यांच्या जुन्या कारखान्याचं गेट लागतं. तिथे ते मागून म्हणाले, "थांब जरा." मी थांबले. गेट बंद होतं, आतल्या शेडवर गवत उगवलं होतं.

"त्यानं काय वाईट केलं, वैशाल? गेजमध्ये बसत नाही ते काढून टाकायचं. मी नोकरीभर तेच केलं. मलाही असंच वाटायचं, की चांगलं काम केलं."

मी स्कूटर सुरू केली.

मग दुपारी खालून आवाज येईनासा झाला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. काका दूध घ्यायचे, पेपर उचलायचे, दार लावायचे. भोईर रोज येऊन बंद दारासमोर चपला वाजवून परत जायचे. ज्या बायकांनी दुपारच्या बाईवरून एवढा गहजब केला होता, त्याच मला म्हणायला लागल्या, "जरा बघून ये गं. फार शांत आहे खाली." साळवी बाईंनी तर वाटीभर खीर दिली, रेडिओ दुरुस्त झाला का विचार म्हणाल्या.

मी खीर घेतली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून मुद्दाम शेवेचा पुडा घेतला. काकांनी तो बघितला आणि ओठाच्या कडेनं हसले. यंत्र टेबलावर होतं, बंद.

मी सरळ विषयाला हात घातला. "काका, ती नावातून निघाली होती ना? मग त्याच नावातून परत निघेल. टाका ते नाव."

"टाकायचं नाही. आहे आतच. असेल तर."

"असेल तर म्हणजे?"

"म्हणजे त्यानं साफ करताना तेही केलं नसेल तर. मी ठिगळीची जागा बघितली फक्त. वरचं नाव बघितलंच नाही. त्या दिवसापासून सुरूच केलं नाही." त्यांनी यंत्र माझ्याकडे सरकवलं. "तू वाच. माझ्यानं होत नाही."

मी सुरू केलं. गाणं वाजलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं होती. मला वाटत होतं तिथे अमोल असणार. मी मोठ्यानं वाचलं.

"मंजुळा."

काकांनी खुर्चीची पाठ धरली आणि हळूच बसले.

"मंजुळा कोण, काका?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं. "अमोलची आई."

"काकूंचं नाव कुसुम होतं ना?"

"ते आम्ही ठेवलेलं. माझ्या थोरल्या बहिणीचं नाव मंजुळा. एका घरात दोन मंजुळा झाल्या तर हाका कशा मारायच्या, म्हणून आईनं लग्नाच्या दिवशीच हिचं बदललं. हिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. पुढे बहीण सासरी गेली, घरात एकही मंजुळा उरली नाही, तरी ही कुसुमच राहिली. आणि मी तर कुसुम अशी हाकही कधी मारली नाही. अगं म्हणायचो. आमच्यात कोण बायकोला नावानं बोलवतं?"

त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "अमोल हॉस्टेलला गेला. मी शिफ्टला. ती घरी बसून मजुरीनं जीनचे सुटे धागे कापायची. ते झालं की हे घेऊन बसत असणार. मला पत्ताच नाही. ती गेल्यावर कपाटात गोधडीत गुंडाळलेलं सापडलं. अमोलचं असेल म्हणून सुरू केलं, तर वर हे नाव. माझ्या डोक्यातून गेलंच होतं ते. खेळ सुरू होताना विचारतो ना, तुझं नाव काय? एवढ्या वर्षांत तिला ते कुणीच विचारलं नव्हतं. तिनं खरं ते सांगितलं. आणि बघ, सात अक्षरं. तुझं कापलं, भोईरांचं कापलं. तिचं एकही कापावं लागलं नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या तांदळाच्या ताटाशी मी हटून बसले होते, तेव्हा माझ्यामागे माझी आई उभी होती. मंजुळाच्या मागे कोण उभं होतं?

"चला," मी म्हटलं. "गुरुजींकडे जाऊ."

काकांनी यंत्र परत मागितलं नाही, ते माझ्याच हातात राहिलं. पहिल्यांदाच. गुरुजींनी प्राणी कसा पकडायचा ते सावकाश दाखवलं, मी दात ओठ खात बघितलं. मग तडक समुद्रावर. काका वाट सांगत होते, डावीकडे, आता खाली, काठाकाठानं. पहिल्यांदा निघाला तो साधा मासा. काकांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा पुन्हा मासा. "निघेल," मी म्हणत होते, ते त्यांना की मला ते माहीत नाही. तिसऱ्यांदा गाणं मधेच तुटलं, पडदा थरथरला, आणि एकेक चौकोन उमटायला लागला. वेगवेगळ्या नक्षीचे, कसेबसे जोडलेले. मधे तो डोळा.

मी डबी टाकली. ती पहिल्याच फटक्यात आत आली, जणू वाटच बघत होती.

काका पुढे वाकले. चष्मा काढून पुसला, परत घातला. "अगं," ते म्हणाले आणि थांबले. त्यांचे ओठ नुसतेच हलले. दुसऱ्यांदा हलले तेव्हा आवाज आला, एवढासा, नवा शब्द म्हणून बघावा तसा.

"मंजुळा," ते म्हणाले. "जेवलीस का?"

मी त्यांना न विचारता शेव केलं.